गुळाच्या पाण्याचा उन्हाळा

वैशाख लागला की आमच्या जालन्यातल्या कॉलनीत टँकरचा भोंगा वाजतो आणि माझ्या अंगात वारं भरतं. बाकी सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. समोरचे निवृत्त साहेब बनियनवरच धावतात, शेजारच्या वहिनी पाइपाचं टोक धरून टँकरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि मी, सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्यांची रोजची कुरकुर विसरून जिना उतरते. सून म्हणते, "आई, तुम्हाला पाणी पाहिजे की नुसता टँकर बघायचाय?" आता तिला काय सांगायचं! मी आपली बादली घेऊन रांगेत उभी राहते.

खरं सांगायचं तर मी उन्हाळ्याची वाट बघते. त्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात उत्साहाचा काळ हा एक दुष्काळ होता. बाहत्तरच्या दुष्काळाचं नाव निघालं की माझ्या वयाची माणसं सुस्कारा सोडतात. मीही सोडते, जनाची लाज म्हणून. पण आत एकोणीस वर्षांची एक पोरगी जीपच्या मागच्या बाकावर बसून, दातांत धूळ, वेणीत धूळ, मोठमोठ्यानं हसत असते. लोकांच्या चुली विझल्या होत्या आणि तुला हसू सुचतं, असं मी तिला कैकदा दटावलं. ती ऐकत नाही. शेवटी मीच तो नाद सोडून दिला.

मी आष्टीच्या मास्तरांची मुलगी, औरंगाबादला सायन्सला शिकत होते. परीक्षा नुकतीच संपली होती. कॉलेजच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं, की दुष्काळी कामांवर रोगराई पसरू नये म्हणून स्वयंसेवक पाहिजेत, टोचणी, विहिरींत औषध टाकणं, आजाऱ्यांची देखभाल अशी कामं आहेत, मुलीही चालतील. म्हणजे मुली चालवून घेऊ, असा त्याचा अर्थ. मला राग आला आणि त्या रागाच्या भरातच मी नाव देऊन टाकलं. मग घरी विचारायला आष्टीला गेले. आई रडली. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेतून आल्यावर पाय धूत होते. तांब्याभर पाण्यात दोन्ही पाय धुवायची कला त्या वर्षी सगळ्या मराठवाड्याला आली होती.

"जाय," दादा म्हणाले. "पन लोकं पयलं आडनाव इचारतील. मंग काय सांगशीन?"

"खरं ते सांगीन."

"बराबर. पन मान वर करून सांग. आपून छप्पन सालीच मान वर केली, आता खाली घालायची न्हाई."

मी रस्ताभर त्या प्रश्नाच्या उत्तराची तालीम केली. कुणी विचारलं तर असं म्हणायचं, कुणी तोंड फिरवलं तर तसं म्हणायचं. एस.टी.च्या खिडकीतून बाहेर नुसती काळी भेगाळलेली रानं दिसत होती, आणि मी आत ओठ हलवत बसले होते. शेजारच्या म्हातारीला वाटलं, पोरगी जप करते आहे.

आमचा मुक्काम धावड्याला, सुट्टी लागलेल्या एका शाळेत पडला. चार मुलं, आम्ही दोघी मुली, आणि आमचे म्होरके हमीद डॉक्टर. डॉक्टर म्हणायचं खरं, पण पदवी घेऊन दोन वर्षंही झाली नसतील. औरंगाबादच्या जुन्या शहरातला उंच, किडकिडीत माणूस. खिशाला कायम शाईचा डाग. मराठी बोलायला लागले की अर्धं वाक्य दख्खनीत घसरायचं. त्याआधी ते एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सेवा करून आले होते. तिथलं फारसं बोलायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "वहाँ बहोत शिकलो आपण. इथं कामाला येईल."

काय दिवस होते! आजही ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला भूक लागते. कारण दिवसभर विहिरींत ती पावडर टाकत हिंडायचं आणि त्याच हातांनी मिलोची भाकरी खायची. मिलो म्हणजे बाहेरदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी निवली की चामड्याच्या वळणावर जायची, पण आम्ही ती लाल चटणीशी अशी खायचो की वाढणारी बाई घाबरायची. पाझर तलावाच्या कामावर सगळी गावंच्या गावं उतरली होती. खडीवर हातोड्यांचा खणखणाट, बाभळींना बांधलेल्या झोळ्यांत निजलेली पोरं, दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी गोड पीठ, वाटणाऱ्या माणसाभोवतीचा गलका. आम्ही टोचणीची सुई उकळत ठेवली की निम्मी टोळी नैसर्गिक विधीला निघून जायची. मुकादम ओरडायचा, "आरं, सुईला भिऊन पळून राह्यलेत का? पहार उचलता आन् सुईला भेता?" मग एखादी बाई पदर खोचून पुढे यायची, दंड पुढे करायची आणि म्हणायची, "टोच माय, पन जल्दी टोच." तिच्यामागून गडी लाजत लाजत यायचे.

विहिरींचं काम त्याहून अवघड होतं. पावडर टाकलेल्या पाण्यात डाळ शिजत नाही, अशी सगळ्या बायांची तक्रार. डाळ होती कुणाकडे, हा प्रश्न आम्ही विचारत नव्हतो. पण त्यामुळे व्हायचं काय, की आमची पाठ वळली की बाया घागरी घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरायला जायच्या. तिथलं पाणी गोड, थंड आणि बिनवासाचं होतं. त्या झिऱ्यांतूनच पटकी आली.

पटकी म्हणजे कॉलरा. आता हा शब्द ऐकून कुणाचं काही हलत नाही. तेव्हा तो शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. जुलाब-उलट्यांचा पहिला रोगी निघाला आणि गावात बोलणंच हळू झालं. चांगला धट्टाकट्टा माणूस सकाळी कामावर असायचा आणि संध्याकाळी त्याचे डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतलेली. आमच्याकडे सलाईनच्या बाटल्या होत्या त्या पहिल्या धडाक्यातच संपल्या. नवीन यायच्या होत्या, पण कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री आम्ही मुलंमुली भेदरून बसलो. हमीद डॉक्टर मात्र चूल पेटवत होते.

"देखो," ते म्हणाले, "माणूस पटकीनं मरत नाही. अंगातलं पाणी गेलं म्हणून मरतो. पाणी परत द्या, माणूस परत. सलाईन नाही तर तोंडानं द्या. गूळ घाला, चिमटीनं मीठ घाला. चाखून पाहा, डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट. जास्त नको. मग पाजत बसा. उलटी झाली, जरा थांबा, पुन्हा पाजा. बस."

"एवढंच?" आमच्यातला एक जण म्हणाला. त्याला बहुधा काहीतरी भारी इंग्रजी नावाचं औषध अपेक्षित होतं.

"एवढंच. पण बसावं लागतं. डॉक्टर बसू शकत नाही, त्याला दुसऱ्या गावाला जायचंय. तुम्ही बसू शकता. इसी लिए तर तुम्हाला आणलंय."

मी पुढे आयुष्यभर या क्षेत्रात वावरले, आरोग्याच्या कामावर गावोगाव फिरले, पण स्वयंसेवक म्हणजे कोण याची यापेक्षा चांगली व्याख्या मला मिळाली नाही. स्वयंसेवक म्हणजे ज्याला बसायला वेळ आहे असा माणूस. आम्हाला येत काय होतं? नाडी धड सापडायची नाही. पण वाटी-चमचा घेऊन दिवसभर बसायची आमची तयारी होती, आणि त्याची किंमत आहे हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी लपवूही शकले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मीच सगळ्यांच्या आधी उठून गूळ फोडत बसले.

आणि तिथंच आमचं घोडं अडलं. कारण गावात रिवाज असा, की जुलाब-उलटी लागली की पाणी तोडायचं. पाणी आत गेलं की ते बाहेर येतं, तेव्हा देऊच नका. हा साधा हिशेब. कोसभर पायपीट करून डोक्यावरून घागर आणायची, ती घरात झाकून ठेवायची आणि तिच्याशेजारी निजलेलं माणूस "पाणी, पाणी" करत असताना त्याला द्यायची नाही. यात दुष्टावा नव्हता, हे लक्षात घ्या. आई लेकाला देत नव्हती, लेक बापाला देत नव्हती, आणि न देताना त्यांचा जीव तिळतिळ तुटत होता. माया होती म्हणूनच ती माणसं इतकी कठोर झाली होती.

मग आम्ही शक्कल लढवली. गुळाचं पाणी दिसायला तांबूस, थेट दवाखान्यातल्या मिक्श्चरसारखं. त्या काळी दवाखान्यातून काचेची बाटली मिळायची आणि तिच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक वेळचा डोस. एका रोग्यानं आमच्या तांब्यात डोकावून विचारलं, "औषिद हाये का?" आणि हमीद डॉक्टरांचे डोळे चमकले. "औषधच आहे म्हणा," ते म्हणाले. "पाणी म्हणालात तर कुणी पिणार नाही." झालं! आम्ही गावभरातून रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, कणकेची खळ केली, जुन्या वह्यांचे कागद कातरून पट्ट्या चिकटवल्या. पट्टीशिवाय औषध खरं वाटत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. शाळेच्या वर्गात बाटल्यांची रांग लागली, तेव्हा आम्हाला गड जिंकल्यासारखं झालं.

परवा नातवाचं पोट बिघडलं म्हणून औषधाच्या दुकानात गेले होते. तो मुलगा म्हणाला, "आजी, ओआरएस कुठला देऊ? संत्रा, लिंबू का सफरचंद?" मी हसायला लागले ती थांबेना. त्याला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. मी संत्र्याचा घेतला. चांगला लागतो, पण गुळाची सर नाही.

तर त्या बाटल्या घेऊन मी गावात गेले. धावड्याच्या पुढचं एक छोटं गाव होतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत. जीप मला उतरवून पुढच्या गावाला गेली, ती उद्या सकाळी येणार होती. पहिल्याच गल्लीत यमुनाबाई दारात उभी होती. तिच्या सासऱ्याचं पोट नुकतंच बिघडलं होतं, पण म्हातारा अजून हिंडता-फिरता होता. तिनं आडनाव विचारलं. मी मान वर करून सांगितलं.

"बाटली तिथंच पायरीवर ठेव," ती म्हणाली. "कवाडाला हात नको लावू."

मी ठेवली. माझी सगळी तालीम केलेली वाक्यं घशातच राहिली. थोड्या वेळानं त्याच गल्लीतून परत येताना बघितलं, तर रिकामी बाटली पायरीवर आडवी पडलेली आणि तुळशीच्या मुळाशी ओल. तेवढ्या दुष्काळात निदान एक तुळस तरी जगली, असं म्हणून मी पुढे झाले. पण कान लाल झाले होते, ते मला कळत होतं. आता पुढच्या घरात कुणी काही बोललं तर सोडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढचं घर धुरपताबाईचं. बाहेर बैलगाडी उभी होती, पण बैल गुरांच्या छावणीत. तिचा लेक दुसऱ्या कुणाचे बैल मिळतात का ते बघायला शेजारच्या गावांत गेला होता, कारण आत त्याची बायको, कौसा, पटकीनं आडवी होती आणि तिला दवाखान्यात न्यायचं होतं. माझ्याएवढीच असेल. आदल्या दिवसापर्यंत तलावाच्या कामावर पाट्या वाहत होती. आता तिचे गाल आत गेले होते, ओठांवर पापुद्रे आले होते, आणि ती आढ्याकडे बघत होती. उशाला सासू, पंख्यानं तिला वारा घालत बसलेली.

"कोनाची गं तू?" धुरपताबाईनं विचारलं.

"आष्टीच्या मास्तरांची. आम्ही बौद्ध," मी एका दमात सांगून टाकलं. "आणि आजाऱ्याला पाणी देण्यात जात आडवी येत असेल तर..."

"आसशीन माय," ती मला मध्येच तोडून म्हणाली, "माहं काय म्हननं न्हाई. पन पानी न्हाई द्यायचं. बिलकुल न्हाई. मला पटकी झाल्ती तव्हा माह्या सासूनं पानी तोडल्तं, म्हून मी आज बसलेली दिसते."

एका भांडणाची तयारी करून आले होते आणि समोर निघालं भलतंच भांडण! मला त्या क्षणी हसू आलं आणि ती बाई आवडूनही गेली. पण तिच्या पलीकडे कौसा जीभ ओठांवरून फिरवत होती. मी जल्दीनं बाटली पुढे केली. पाणी नाही, औषध आहे, म्हटलं.

"औषिद हाये? मंग आधी न्हाई का सांगायचं!" धुरपताबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरून पट्टी न्याहाळली आणि कपाळाला लावली. मी समजावलं, की सगळं पाजायचं, संपलं की आणखी देते. ती मान हलवत होती. पहिला डोस तिनं माझ्यासमोर पाजला. कौसानं तो असा गिळला की माझ्याच घशाखाली थंड वाटलं. त्या गल्लीत आणखी तीन-चार घरं होती, मी तिकडे निघाले, ती अगदी पंख फुटल्यासारखी.

दुपार टळताना परत आले. कौसाचे डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर पापणी हलली, एवढंच. हाताची नाडी मला सापडेना. मी बाटली शोधली, तर ती वर कोनाड्यात, देवाशेजारी, हळदकुंकू लावून ठेवलेली. पट्टीवरची एक खूण तेवढी खाली गेली होती.

"सकाळचा डोस देला," धुरपताबाई समाधानानं म्हणाली. "आता दिवेलागनीला दुसरा. समदं एकदम संपवलं तर उद्याला काय देऊ? इतकं मोलाचं औषिद."

औषध म्हटलं की ते सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, खुणेनं घ्यायचं आणि जपून वापरायचं. इतकी शिस्त आमच्या गावांना दवाखान्यांनीच लावली होती. आम्ही त्याच शिस्तीची पट्टी कातरून चिकटवली होती, आणि कौसा त्या पट्टीपायी जात होती. कॉलेजात घासूनपुसून शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली आणि मी ओरडले, "औषिद न्हाई ते, धुरपताबाई! पानी हाये! गूळ आन् मीठ घातलेलं नुसतं पानी हाये!"

धुरपताबाईनं पंखा खाली टाकला.

"पानी पाजलं तू माह्या सुनंला? फसवून?"

"व्हय. आन् आनखी पाजायचं हाये. न्हाई पाजलं तर ती जाती."

"पाजलं म्हूनच तर जाऊन राह्यली!" ती उठली, कोनाड्यातली बाटली तिनं काढली आणि ती दाराकडे निघाली. ती आता बाहेर ओतणार, हे मला दिसत होतं. मी मध्ये उभी राहिले. ती म्हातारी माझ्या दुप्पट ताकदीची होती. उभं आयुष्य घागरी वाहिलेले हात ते. तिला रडू फुटलं होतं. ती मला ढकलत होती आणि म्हणत होती, "सर, पोरी, सर बाजूला. माही एकुलती एक सून हाये."

"आत्याबाई."

आवाज इतका घोगरा होता की कुणाचा ते आधी कळलंच नाही. कौसानं डोळे उघडले होते.

"आत्याबाई, मरायचंच आसंल तर पिऊन मरू द्या," ती म्हणाली. "तहान घिऊन न्हाई मरायची मी."

धुरपताबाई दारात थांबली. एकीकडे तिच्या सासूचं शहाणपण, ज्यावर ती स्वतः जगली होती. दुसरीकडे एक अनोळखी पोरगी, जिनं तिला नुकतंच फसवलं होतं. तिनं कुणाचं ऐकावं? आज मी तिच्याहून म्हातारी झाले आहे, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं ते मला खरोखर सांगता येत नाही. तिनं सासूचंही ऐकलं नाही आणि माझंही, तिनं सुनेचं ऐकलं. ती परत फिरली, खाली बसली, कौसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीच तिच्या तोंडाला लावायला लागली.

"चमच्यानं, चमच्यानं!" मी म्हणाले.

"मंग दे ना चमचा, बघत काय बसली!"

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझ्या बोटांना मुंग्या येतात. एक चमचा, दुसरा चमचा, तिसरा. भडभडून उलटी झाली. धुरपताबाईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जळून जायची. पण मी म्हटलं, जरा थांबा, आता पुन्हा. पुन्हा चमचा. तिनं झाकलेली घागर उघडली, चुलीवर पाणी ठेवलं, मी गूळ फोडला. तिच्या घरातला, तिच्याच खलात. मीठ घालून मी चाखलं, मग तिनं चाखलं. बाटली कधीच बाजूला पडली. आता तांब्या आणि वाटी. दिवेलागणीला कौसाच्या नाडीचा एक धागा माझ्या बोटांना लागला. मी धुरपताबाईचा हात धरून तिची बोटं तिथं ठेवली. तिला लागेना. मग लागली. "हाये!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या एकमेकींकडे बघून हसलो. एवढा निखळ आनंद मला पुढे स्वतःच्या लग्नातही झाला नाही. नवरा बिचारा आता नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

पण मी तिला एक गोष्ट सांगितली, जी डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावली होती. नाडी लागली म्हणजे वाचली असं नाही. पटकीत मूत्रपिंडं थांबतात. रोग्याला लघवी झाली, की समजा माणूस परत आला. तोवर पाजत राहायचं. धुरपताबाईनं ते ऐकलं आणि मान डोलावली. बैल शोधायला गेलेल्या लेकाचा पत्ता नव्हता, मग रात्रभर आळीपाळीनं आम्ही दोघीच पाजत राहिलो. माझा डोळा लागला की ती पाजायची, तिचा लागला की मी.

सकाळी मी ओट्यावर तोंड धूत होते. हमीद डॉक्टरांची जीप गावाच्या तोंडाशी धूळ उडवत येताना दिसत होती. समोर लिंबाखाली चार म्हातारे नेहमीसारखे टेकले होते. तेवढ्यात घरातून धुरपताबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर गळलेला. आदल्या दिवशी माझ्यासारख्या पोरीसमोरही तो पदर तिनं ढळू दिला नव्हता. ती ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "मुतली! माही कौसा मुतली वं माय!"

एरवी म्हाताऱ्यांनी खाली बघितलं असतं. पण त्या दिवशी त्यांच्यातला एक जण उठून उभा राहिला आणि त्यानं सूर्याला हात जोडले. कुठून कुठून बाया धावत आल्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, धुरपताबाई प्रत्येकीला तेच वाक्य त्याच आवाजात सांगत होती, आणि मी तोंडाला फेस तसाच ठेवून नाचत होते, खरोखर नाचत होते.

त्या गर्दीच्या कडेला यमुनाबाई उभी होती. तिचा सासरा पहाटेपासून अंथरुणाला खिळला होता. ती पुढे आली, थांबली, पुन्हा पुढे आली.

"धुरपताबाई," तिनं विचारलं, "गूळ किती घातल्ता?"

"मला काय इचारती? तिनं कालवलंय. ते बघ, तांब्यात हाये अजून. चाख."

मी आतून गुळाच्या पाण्याचा तांब्या आणून पुढे धरला. यमुनाबाईनं माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग तिनं बोट बुडवलं आणि चाखलं. सगळ्या बाया बघत होत्या. तिनं ओठ चाटले, जरा विचार केला.

"मीठ कमी पडलं की गं, पोरी," ती म्हणाली.

मीठ अगदी बराबर होतं. पण त्या सकाळी मी तिच्याशी वाद घातला नाही. तांब्या घेऊन मी तिच्या घराकडे निघाले, आणि कवाड तिनंच उघडून धरलं.